दाट चहा, उष्टा चमचा

वाळवा तालुक्यातल्या निम्म्या घरांना मी गेली वीस वर्षं फसवत आलोय, आणि एकानेही तक्रार केलेली नाही.

आष्ट्याच्या बाहेर माझी पत्र्याची शेड आहे. तिथे मी फिनेल, फरशी पुसायचं औषध आणि भांडी घासायचं लिक्विड बनवतो. एम.एस्सी. केलं तेव्हा औषधांचे शोध लावायचे होते, लागला तो लिंबाच्या वासाचा. दुकानदाराकडे नवी बाटली घेऊन गेलं की तो कधी विचारत नाही की हिने भांडी निघतात का. तो बाटली उलटी धरतो आणि आतला हवेचा बुडबुडा वर चढताना बघतो. बुडबुडा झरकन वर गेला तर माल हलका. म्हाताऱ्याने जिना चढावा तसा रमतगमत गेला तर, "हां, ह्येला म्हणायचं माल!" आता गुपित सांगतो. घट्टपणाचा आणि भांडी निघण्याचा काडीचा संबंध नाही. साबणाच्या पाण्यात शेवटी बेताचं मीठ टाकलं की ते घट्ट होतं. साधं मीठ! बेत चुकून जास्त पडलं की पुन्हा पाणी. त्या बेतावर माझं घर उभं आहे.

आईला हे माहीत होतं. शेडमध्ये येऊन ती बोट बुडवायची, दोन बोटांत चिकटपणा बघायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "लोकांस्नी खळ इकतोस व्हय रं? तुझ्या बापाच्या कपड्याला ह्यापेक्षा बरी कांजी करत हुते मी."

बाप फौजेत होता. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, घराआड एक फौजी असलेलं. तो सुट्टीवर आला की आई त्याच्या गणवेशाला अशी कांजी करायची की शर्ट खुंटीशिवाय उभा राहील. कांजी, खळ, कुरडईचा चीक या तीन गोष्टींत तिच्यापुढे विद्यापीठाने टोपी काढावी. चीक शिजवायच्या दिवशी मात्र ती हवालदार व्हायची. आम्ही पोरं वाट्या घेऊन बसायचो, आणि कुणी चाटलेला चमचा परत पातेल्यात घातला की उलथन्याचा फटका. "उष्टा चमचा घालायचा न्हाई! किती येळा सांगू?" पुढे रसायनशास्त्र शिकून आल्यावर मी तिला जंतू, सोवळं आणि अंधश्रद्धा यांवर एक व्याख्यान दिलं होतं. ते तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग माझ्या हातातला उष्टा चमचा काढून मोरीत टाकला.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर एका सकाळी ती चहाचा कप उचलायला गेली आणि कप उचललाच गेला नाही. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकदम गेली. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तोंडातून फक्त "आ, आ" येत होतं. आयुष्यभर शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललेली बाई!

जीव वाचला. नाकातून नळी घातली आणि नळीतून दूध, सूप, गोळ्यांची पूड सुरू झाली. चौथ्या दिवशी माझी बायको कॉटशेजारी बसून थर्मासमधला चहा पीत होती. आईने डावा हात उचलला आणि त्या कपाकडे बोट केलं. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "द्या की वो थोडा. घोटभर."

आम्ही देणार, एवढ्यात गिळणं तपासणारी मुलगी आली. तिशीच्या आतली, बारीक चणीची, आवाज मात्र शाळेतल्या बाईंचा. तिने कप काढून घेतला. म्हणाली, "काका, आजींचा घसा उशिरा जागा होतो. पाणी, चहा, काहीही पातळ दिलं की ते गिळायच्या आधीच श्वासाच्या नळीत जाणार. दाट असेल तर ते हळू उतरतं, घशाला वेळ मिळतो. मधासारखं दाट करून द्यायचं. चमच्याने, हनुवटी खाली धरून. प्रत्येक घोटानंतर 'आ' म्हणायला लावायचं. आवाज स्वच्छ आला तर बरं. नळात पाणी गुरगुरल्यासारखा आला तर ताबडतोब थांबायचं."

"आणि तसंच दिलं तर?"

"छातीत न्यूमोनिया. आल्या दिवशी थोडा झालाच होता. दुसऱ्यांदा झाला तर डॉक्टर पोटाला भोक पाडून कायमची नळी घालतील. मग तोंडाने काही नाही."

तिने कागदावर एका पावडरीचं नाव लिहून दिलं. दाट करायची डब्यातली पावडर. सांगलीत शिल्लक नव्हती, मागवावी लागणार होती.

आणि मी हसलो. देवाशपथ सांगतो, त्या कॉटशेजारी उभा राहून मी हसलो. म्हणालो, "मॅडम, डबा कशाला? घट्ट करणं हा माझा धंदा आहे!"

"काका, डबाच आणा," ती म्हणाली. मी कशाला ऐकतोय!

फरशीचं औषध घट्ट करायला शेडमध्ये गोंद असतो, तो मी वापरणार नव्हतो. त्याच्या पोत्यावर 'खाण्यासाठी नाही' असं छापलंय आणि तेवढी अक्कल मला होती. मी घरी आलो, मक्याचं पीठ घेतलं, चहात शिजवलं. मधासारखं म्हणजे किती? आम्हा लोकांना एकच परीक्षा ठाऊक. काचेच्या बाटलीत चहा भरला, उलटी धरली. बुडबुडा असा चढला, असा डौलात चढला, की कुठल्याही दुकानदाराने दोन पेट्या लिहून घेतल्या असत्या. दवाखान्यातल्या वॉर्डात मी तो थर्मास एखाद्या पालखीसारखा आणला.

पहिला चमचा. आईने डोळे मिटले. घसा हलला, थांबला, हलला. "आय, आ म्हण." "आ." स्वच्छ! देवळातली घंटा! मी चमचा कपात बुडवून दुसरा पुढे केला आणि तिने तोंड गच्च मिटलं.

"आय, आवडला न्हाई व्हय? साखर कमी हाय?"

तिने डाव्या हाताने चमच्याला फटका मारला. चमचा खणखणत कॉटखाली गेला. मी तो धुऊन आणला, तेव्हा तिने तोंड उघडलं. पुढच्या खेपेला पुन्हा मिटलं, पुन्हा फटका. मला वाटलं, मेंदूला मार बसलेल्या माणसाचं असंच असतं, कधी हवं, कधी नको. मग मी नाटक सुरू केलं. चमच्याचं विमान केलं, एस.टी. केली, सरपंच भाषण करताना कसे घोट घेतात ते करून दाखवलं. शेजारच्या कॉटवरचा माणूस पोटाचे टाके सांभाळत हसत होता. आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. आता आठवलं की अंगावर काटा येतो. पण तिचं तोंड थोडं उघडलं की मी चमचा आत सारायचो. एक कप संपायला पाऊण तास लागायचा. शेवटच्या चमच्यांना तिला ठसका लागायचा, "आ" गुरगुरत यायचा. मी थांबायचो आणि दुसऱ्या दिवशी चहा आणखी घट्ट करून आणायचो. बुडबुडा आणखी संथ. तरी पाऊण कप झाला की ठसका होताच.

चहाच्या पाचव्या दिवशी ताप चढला. श्वास घुरघुरायला लागला, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लागला. डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "परत गेलंय छातीत. उजव्या बाजूला." मग त्यांनी मला बाहेर नेलं. "यातून निघाल्या तर पोटातून नळी घालू. तोंडाचा नाद आता सोडा."

मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात बसून राहिलो. पुढचे चार दिवस मला धड आठवत नाहीत. काचेच्या दारातून आईची छाती वरखाली होताना बघायची आणि मोजायचं, एवढंच. लोक भेटायला येत, "वय झालं आता" म्हणत. माझ्या मनात एकच येई, वयाने नाही, मी केलंय. डबा आणा म्हणून ती मुलगी सांगत होती आणि मी बाटली उलटी धरून बुडबुडा बघत बसलो होतो. जन्मभर लोकांना खळ विकली, आता आईला पाजली. कुठे चुकलं तेही कळत नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. माल तर घट्ट होता!

त्यानंतरच्या सकाळी तिचा ताप उतरला, मास्क निघाला. बायकोने मला जबरदस्तीने घरी आणलं आणि आंघोळीला घातलं. आंघोळीनंतर मी स्वयंपाकघरात गेलो आणि सूड घेतल्यासारखा तोच चहा पुन्हा केला. तसाच, तेवढंच पीठ. एक कप भरून ओट्यापाशी उभा राहून चमच्याने खाऊ लागलो. आईने जे गिळलं ते आपणही गिळावं. चार-पाच चमचे खाल्ले आणि मला तिथेच हुंदका आला. चमचा कपात टाकून मी जमिनीवर बसलो. बराच वेळ बसलो असेन.

उठलो तेव्हा कपातला चहा पाणी झाला होता.

मी डोळे चोळले. कप हलवला, डचमळला. पातेल्यात बघितलं, तिथे तसाच, चमचा उभा राहील असा घट्ट. एकच चहा, एकाच गॅसवरचा! मी तीन वाट्या घेतल्या. एकीत पातेल्यातला चहा नुसता ठेवला. दुसरीत धुतलेला चमचा फिरवला. तिसरीत थुंकलो.

नेमकी तेव्हाच बायको आत आली. "आवं! काय करताय?"

"थुंकतोय."

"ते दिसतंय. वाटीत?"

"गप बस. बघ आता."

दहा मिनिटं आम्ही दोघं त्या तीन वाट्यांवर वाकून उभे होतो. दोन तशाच राहिल्या. तिसरी पातळ झाली.

बायको म्हणाली, "मग? उष्टं केल्यावर चीक पातळ होणारच की. ह्यात इशेष काय? कुरडया करताना आत्याबाई बोंबलून सांगत न्हवत्या व्हय, उष्टा चमचा घालू नका म्हणून?"

मी एम.एस्सी. आहे. लाळ पिठाला फोडते हे मी दहावीत शिकलो, बी.एस्सी.ला प्रयोग करून दाखवला, तोंडी परीक्षेत त्यावर शाबासकी घेतली. आणि एका कपात एकच चमचा तिच्या तोंडातून चहात, चहातून तोंडात, असा पाऊण तास फिरवत होतो. पहिला घोट मधासारखा, शेवटचा पाण्यासारखा. मी बाटलीत परीक्षा घ्यायचो ती कोऱ्या मालाची. उष्ट्या मालाची परीक्षा आमच्या धंद्यात नाहीच.

आणि तिने सांगितलं होतं. बोलता येत नव्हतं म्हणून डाव्या हाताने, चमच्यावर फटके मारून, प्रत्येक खेपेला सांगितलं होतं. मी सरपंचाची नक्कल करत होतो.

त्या दुपारी मी सांगलीला जाऊन त्या मुलीसमोर उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं, थुंकीसकट. ती रागावेल अशी आशा होती, म्हणजे थोडं बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणून डबा म्हटलं होतं, काका. त्यात गोंद असतो, खायचा. लाळेने तो फुटत नाही." मग ती डॉक्टरांकडे गेली. काय बोलली माहीत नाही. बाहेर येऊन म्हणाली, "एक चाचणी मिळालीये. सोमवारी, डॉक्टरांसमोर. त्या दिवशी आजींनी अर्धा कप नीट घेतला तर पोटाची नळी नाही. आवाज एकदा जरी गुरगुरला किंवा त्यांनी घ्यायचंच नाकारलं, तर मग नळीच."

मी डबा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं फॉर्म्युलेशन विकत घेतलं आणि झाकण उघडून त्याला मनोमन नमस्कार केला. गोंदाच्या गुठळ्या होतात. त्याला उपाय मला ठाऊक होता, पूड आधी कोरड्या साखरेत कालवायची आणि मग चहात सोडायची. तेवढीच माझी विद्या कामी आली. चहात मुद्दाम थुंकून दोन तास ठेवला. हलला नाही! पुन्हा थुंकलो, दाट तो दाटच. बायकोला ओरडून बोलावलं, "ये बघ! आता उष्टा चमचा घाल न्हाईतर अख्खा हात घाल!"

ती म्हणाली, "तरी बी चार चमचे संगं न्या."

"कशाला? आता शास्त्र आहे."

सोमवारी आईला उशा लावून बसवलं. नाकात नळी, केस बायकोने विंचरलेले. डॉक्टर पायथ्याशी उभे होते, हातात दुसऱ्याच पेशंटचा कागद. मुलीने कप घेतला, दवाखान्याचा एक चमचा घेतला. पहिला घोट. "आजी, आ म्हणा." "आ." स्वच्छ.

मुलीने चमचा कपात बुडवला आणि पुढे केला. आईने तोंड मिटलं.

"आजी, उघडा. छान दाट आहे." आईने मान वळवली. "आजी!" डावा हात आला आणि फटका बसला. चहा मुलीच्या पांढऱ्या कोटावर. डॉक्टरांनी कागदातून डोकं वर काढलं. "नाकारतायत?"

मी म्हणालो, "आय, ऐक. ह्यो निराळा हाय. ह्यात पीठ न्हाई. ह्यो उष्ट्यानं पातळ होत न्हाई, मी तपासलंय, मी सोता थुंकून..."

आईने माझ्याकडे जी नजर टाकली तीत शास्त्राला कुठे जागाच नव्हती. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. अनोळखी माणसं येऊन तिला पुसत होती, वळवत होती, नाकातून भरवत होती. त्या अख्ख्या खोलीत तिचं म्हणावं असं एकच काही उरलं होतं. चाटलेला चमचा परत भांड्यात जाणार नाही. पीठ असो, गोंद असो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं. तोंड मिटलंय ते चहासाठी न्हाई, चमच्यासाठी."

"म्हणजे?"

सांगत बसलो असतो तर ते गेले असते. मी पळालो. माझं वय बावन्न, पोट शोभेल तेवढं. दोन जिने उतरून कँटीनमध्ये शिरलो आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणालो, "चमचे द्या."

"किती?"

"हायत तेवढे."

"पाव्हणं, जेवणावळ हाय काय वर?"

"आईला चहा पाजायचाय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एकीला?"

"एकीला!"

काय वाटलं त्याला कुणास ठाऊक. त्याने धुतलेल्या चमच्यांचा डबा उचलला आणि माझ्या पदरात, म्हणजे शर्टाच्या ओच्यात, ओतला. "परत आणा म्हंजे झालं," तो मागून ओरडला. मी खुळखुळत जिना चढत होतो. अर्ध्यात एक चमचा पडला, घ्यायला थांबलो नाही.

डॉक्टर अजून होते. मुलीने त्यांना कशात तरी गुंतवून ठेवलं होतं. मी कॉटवर, आईच्या मांडीशी, चमच्यांचा ढीग ओतला. तेरा भरले. आईने ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं.

नवा चमचा, घोट, "आ". तो चमचा ताटलीत. नवा चमचा, घोट, "आ". मुलगी एकेक घेत होती आणि मी बाजूला उभा राहून आवाज ऐकत होतो. आयुष्यात एवढा जीव लावून मी कुठलं गाणं ऐकलेलं नाही. सहावा थोडा उशिरा आला. तिचा घसा हलला, थांबला आणि मला तिथेच जिन्यातले चार दिवस पुन्हा दिसले. "आ." स्वच्छ. सातवा. आठवा. बायकोने माझा दंड एवढा धरला होता की वळ उठला. तेराव्याला डॉक्टर म्हणाले, "पुरे. अर्ध्याच्या वर गेला," आणि त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. "नाकातली नळी काही दिवस राहू दे. पोटाची नको."

ते गेले. मुलगी कोटावरचा डाग बघत हसत होती. मी कप उचलून ठेवायला गेलो, तर आईचं बोट आलं आणि कपावर टकटक वाजलं.

कपात अजून चहा होता. ताटलीत तेरा चमचे, सगळे उष्टे.

मी त्यातला एक घेऊन वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनवर गेलो. तिथे भांडी घासायच्या लिक्विडची बाटली होती. माझी नव्हती. सवयीने उलटी धरली, बुडबुडा झरकन वर गेला. अगदीच पाणी माल! दोन थेंब घेऊन चमचा घासला, खळखळून धुतला. लख्ख निघाला.

मी परत आलो तेव्हा आई तोंड उघडून बसली होती.